प्रशांत महासागराचा पट आणि कल्याण कॅम्प

१/ ‘वॉर इन द पॅसिफिक : ॲडमिरल्स एडिशन’ (२००९) या संगणकीय युद्धखेळाचा पट ७ डिसेंबर १९४१ पासून मांडता येतो. एक डाव म्हणजे एक दिवस. नवखा खेळाडू विमानवाहू नौकांमागे धावतो. मुरलेला आधी रसद मोजतो.

२/ असे का? ५ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी कोलंबोवर, तर ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर हल्ला केला. ‘हर्मीस’ ही ब्रिटिश विमानवाहू नौका बुडाली. ॲडमिरल सॉमरव्हिल यांनी आरमाराचा संथ भाग पूर्व आफ्रिकेतील किलिंदिनीला, तर वेगवान भाग मुंबईकडे धाडला.

३/ खेळात मुंबई म्हणजे एक बंदर आणि रसदीचा आकडा. प्रत्यक्षात त्या आकड्यामागे माणसे राबत होती. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत, दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. शेकडो जीव गेले.

४/ याच रसदव्यवस्थेचा एक दुवा आपल्या मोरिवलीच्या शेजारी होता : कल्याणची लष्करी संक्रमण छावणी. युद्ध संपले, बराकी ओस पडल्या. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले.

५/ तेथील पत्त्यांत आजही ‘कॅम्प नंबर ४’ असे लिहितात. युद्ध कोणी जिंकले, हे खेळ सांगतो. रिकाम्या छावणीत पुढे कोण राहायला आले, हे मात्र इतिहासाच्या अभ्यासकानेच विचारायचे असते.