फाईल उघडी आहे

जॉर्ज एल्ड्रिज या अमेरिकन माणसाला जून १९६८मध्ये सोशल सिक्युरिटीचा अपंगत्व-भत्ता मंजूर झाला. कारणं दोन होती, पाठीचं दुखणं आणि कायमची चिंताग्रस्तता. पुढे मधुमेहही निघाला. मार्च १९७२मध्ये घरी एक प्रश्नावली आली: तब्येत आता कशी आहे, कोणत्या डॉक्टरांकडे जाता? त्याने लिहिलं, काही फरक नाही, आणि डॉक्टरांची नावं दिली. सरकारी यंत्रणेने त्याच्या डॉक्टरचा आणि एका मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल मागवला आणि कळवलं की मधुमेह आटोक्यात आहे, पाठीच्या हालचालीत फार अडचण नाही, मनही आता कामाच्या आड येण्याइतकं बिघडलेलं नाही; सबब मे महिन्यापासून तुमचं अपंगत्व संपलं असं आमचं तूर्त मत आहे. आणखी पुरावा द्यायचा असेल तर मुदत मागून घ्या.

एल्ड्रिजने मुदत मागितली नाही. उलट टपाली कळवलं की माझी पाठ नुसती लचकलेली नाही, मला मणक्याचा संधिवात आहे. आणि मी अपंग आहे हे ठरवायला तुमच्याकडे आधीच पुरेसा पुरावा आहे. जुलैनंतर पैसे बंद झाले.

त्याच्या पत्रातलं हे दुसरं वाक्य मला फार खरं वाटतं. आजारी माणसाच्या दृष्टीने नवीन काहीच घडलेलं नसतं. पाठ कालही दुखत होती, आजही दुखते. नवा पुरावा म्हणजे काय, हे फाईलच्या पलीकडे बसलेल्या माणसाला कळतं. फाईल ज्याच्याबद्दल आहे, त्याला ते कसं कळावं?

एल्ड्रिजने पुढच्या पायऱ्या चढायचं नाकारलं. त्या काळी क्रम असा होता: आधी फेरविचार, मग प्रशासकीय न्यायाधीशासमोर सुनावणी, मग अपील्स कौन्सिल, आणि सगळ्यात शेवटी फेडरल कोर्ट. तो थेट कोर्टात गेला. मागणी एकच होती, पैसे थांबवण्याआधी माझं समोरासमोर ऐकून घ्या. मागणी जगावेगळी नव्हती. १९७०मध्येच सुप्रीम कोर्टाने 'गोल्डबर्ग विरुद्ध केली' या खटल्यात सांगितलं होतं की गरिबांची सरकारी मदत तोडण्याआधी सुनावणी द्यावीच लागेल. खालच्या दोन्ही कोर्टांनी एल्ड्रिजच्या बाजूने कौल दिला.

सुप्रीम कोर्टाने २४ फेब्रुवारी १९७६ रोजी तो फिरवला, ६ विरुद्ध २ मतांनी. न्यायमूर्ती पॉवेल यांनी लिहिलेला हा निकाल तिथल्या कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो. त्यातल्या तीन कसोट्या प्रसिद्ध आहेत: माणसाचं काय पणाला लागलंय, चूक होण्याची शक्यता किती, आणि जास्तीच्या सुनावणीचा सरकारवर बोजा किती. मला मात्र त्यातला वैद्यकीय पुराव्याबद्दलचा विचार जास्त महत्त्वाचा वाटतो. पॉवेल यांचं म्हणणं असं की गरिबी ठरवताना साक्षीदार खरा की खोटा हे बघावं लागतं. अपंगत्व ठरतं ते मुख्यतः डॉक्टरांच्या लेखी अहवालांवर, आणि अहवाल टपालाने येऊ शकतात. याची पायाभरणी १९७१मध्ये झाली होती. सॅन अँटोनियोच्या पेद्रो पेरालेस या ट्रकचालकाच्या खटल्यात कोर्टाने मान्य केलं होतं की डॉक्टर सुनावणीला आले नाहीत तरी त्यांचे लेखी अहवाल पुरावा म्हणून चालतील. त्या सुनावणीत तर पेरालेसला कधीच न तपासलेल्या एका डॉक्टरने बाकीच्या अहवालांचा अर्थ लावून सांगितला होता.

आता आकडे. एल्ड्रिजच्या बाजूने कोर्टासमोर आलं की फेरविचारात हरूनही जे पुढे सुनावणीला गेले, त्यांच्यापैकी ५८.६ टक्के जिंकले. म्हणजे खालचा निर्णय अर्ध्याहून जास्त वेळा उलटला. सरकारने सांगितलं की सगळेच नकार मोजा, उलटण्याचं प्रमाण फक्त ३.३ टक्के आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फरक छेदात आहे. मी इंजिनियर असल्यामुळे असेल, पण असं काही दिसलं की मी आधी छेदात कोण बसलंय ते बघतो. ३.३च्या छेदात ती सगळी माणसं आहेत जी पुढे गेलीच नाहीत. थकली, घाबरली, किंवा पत्र नीट समजलं नाही. त्यांच्या बाबतीतला निर्णय आपोआप बरोबर धरला गेला. तक्रार आली नाही म्हणून सॉफ्टवेअरमध्ये बग नाही, असं म्हणण्यासारखं हे आहे.

कोर्टाने आणखी एक मुद्दा मांडला. ही पद्धत 'उघड्या फाईल'ची आहे. माणूस कोणत्याही टप्प्यावर नवा पुरावा देऊ शकतो, आणि त्यावरून अनेकदा नव्याने तपासणीही होते. १९७३च्या आर्थिक वर्षात अपिलात गेलेल्या सुमारे ३० ते ४० टक्के प्रकरणांत अशी ताजी तपासणी झाली होती. मग वरचा निर्णय उलटला म्हणून खालचा चुकीचाच होता असं कशावरून? त्या वेळी हा पुरावा फाईलमध्ये नव्हता.

युक्तिवाद बिनतोड आहे, मान्य. पण पुरावा फाईलमध्ये का नव्हता, हा प्रश्न तो विचारत नाही. ज्याचे पैसे बंद झालेत त्याने पुढचा एक्स-रे कशातून काढायचा? भत्ता बंद होणं आणि सुनावणीनंतरचा निकाल यांत तेव्हा वर्षाहून जास्त काळ जाई. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी विरोधी मतात नोंदवलं की भत्ता बंद झाल्यावर एल्ड्रिजच्या घरावर जप्ती आली, उधारीचं फर्निचर उचलून नेलं गेलं आणि नवरा, बायको, मुलं अशी सगळी एका पलंगावर झोपू लागली.

१९८०मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा बदलला. फेडरल कोर्टाला नव्या पुराव्यासाठी प्रकरण परत पाठवायचं असेल तर पुरावा नवा हवा, निकालाला महत्त्वाचा हवा आणि तो आधी का दिला नाही याचं सबळ कारण हवं. त्याच कायद्याने लाभार्थींची दर तीन वर्षांनी फेरतपासणी सांगितली होती. रेगन सरकारने मार्च १९८१पासूनच ती जोरात सुरू केली. जवळपास पाच लाख लोकांचे भत्ते तोडले गेले आणि त्यातले सुमारे दोन लाख अपिलानंतर परत मिळाले.

तडाख्यात सापडलेल्यांमध्ये रॉय बेनाविदेझ हे माजी सैनिक होते. मे १९६८मध्ये व्हिएतनाम युद्धात त्यांना एका दिवसात ३७ जखमा झाल्या होत्या. हृदयात धातूचे तुकडे अडकलेले होते. यांची गोष्ट वाचताना मी थांबलो, कारण त्यांना सर्वोच्च शौर्यपदक मिळालं तेच मुळी नव्या पुराव्यावर. मुदत संपली होती. काँग्रेसने सूट दिली, तरी प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराशिवाय मंडळ ऐकेना. बेनाविदेझना वाटायचं की साक्षीदार कोणी उरलाच नाही. पण त्या दिवशीचा रेडिओवाला ब्रायन ओ'कॉनर फिजीत राहत होता. ऑस्ट्रेलियात सुट्टीवर असताना वर्तमानपत्रात त्याने ही हकिगत वाचली आणि १९८०मध्ये दहा पानी जबाब पाठवला. २४ फेब्रुवारी १९८१ रोजी स्वतः रेगन यांनी पदक दिलं. एल्ड्रिजच्या निकालाला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती, हा निव्वळ योगायोग. दोन वर्षांनी त्याच सरकारच्या फेरतपासणीत बेनाविदेझ काम करायला सक्षम ठरले. त्यांनी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. अपिलात ते जिंकले; मात्र तोवर वर्तमानपत्रांनी सगळ्या देशाला त्यांची फाईल वाचून दाखवली होती. बाकीच्यांना कुठला ओ'कॉनर?

बोंबाबोंब एवढी झाली की जानेवारी १९८३मध्ये कायदा करून अपील न्यायाधीशापर्यंत पोहोचेतो भत्ता चालू ठेवण्याची सोय करावी लागली. एल्ड्रिजला कोर्टाने जे नाकारलं, त्याच्या अगदी जवळचं. (शेवटी हरलात तर उचललेले पैसे परत मागितले जाऊ शकतात, ही मेख त्यात होतीच.) १९८४च्या कायद्याने आणखी सांगितलं की प्रकृतीत वैद्यकीय सुधारणा झाल्याचं दिसल्याशिवाय साधारणपणे भत्ता तोडता येणार नाही. तो दोन्ही सभागृहांत एकाही विरोधी मताशिवाय मंजूर झाला.

त्यानंतर फाईल हळूहळू मिटत गेली. २०१५पासून अर्जदाराने आपल्या बाजूचा आणि विरुद्धचा, दोन्ही पुरावा देणं बंधनकारक झालं. २०१७पासून पुरावा सुनावणीच्या किमान पाच कामकाजी दिवस आधी द्यायचा, निदान त्याची माहिती तरी द्यायची. अपील्स कौन्सिलकडे काही नवं न्यायचं तर उशिराचं कारण हवं, त्याने निकाल बदलण्याची वाजवी शक्यता हवी, आणि तो पुरावा न्यायाधीशाच्या निर्णयाच्या तारखेपर्यंतच्या काळाबद्दल हवा.

ही शेवटची अट सगळ्यात जास्त घात करते. निर्णय मार्चमध्ये झाला आणि मणक्याचा एमआरआय जुलैमध्ये निघाला, तर कौन्सिल म्हणू शकतं, ही पुढची गोष्ट आहे, नवा अर्ज करा. नव्या अर्जात मागचे महिने बुडू शकतात. आणि काम सुटून बरीच वर्षं झाली असतील तर विम्याचं संरक्षणही तोवर संपलेलं असू शकतं. म्हणून तिथले जाणते वकील नुसता एमआरआय जोडत नाहीत. डॉक्टरकडून सोबत एक वाक्य लिहून घेतात, की जुलैमध्ये दिसलेली ही झीज चार महिन्यांत होणारी नाही, ती मार्चच्या आधीपासूनची आहे.