लेथचे नाक आणि चकाची तबकडी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गडकोट, तहनामे आणि वंशावळी उभ्या राहतात. आज ज्या इतिहासाविषयी मी बोलणार आहे, तो ओतीव बिडाच्या वीतभर तबकडीत मावणारा आहे. लोखंड कातण्याच्या लेथवर लहान चक बसवावयाचा असला, म्हणजे स्पिंडल आणि चक यांच्यामध्ये ही तबकडी लागते. कारखान्यात तिला बॅकप्लेट म्हणतात. तिची गंमत अशी की, बाजारातून तयार आणलेली तबकडी सहसा नीट बसत नाही. जिच्यावर ती चढावयाची त्या लेथवरच ती कातावी लागते. असे का व्हावे, हे सांगावयाचे तर पांढुर्णा आणि सौंसर यांच्या कापसापासून सुरुवात करणे मला सोईचे वाटते.

सातपुड्याच्या घाटाखालचा हा मुलूख बोलीने मराठी आणि व्यवहाराने नागपूरचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे दोन तालुके मध्य प्रदेशातच राहिले; २०२३ साली त्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्ण्याचे नाव सर्वदूर गेले आहे. ते नाव कपाशीमुळे जावयास हवे होते, असे माझे मत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून येथे सरकी काढण्याचे कारखाने, म्हणजे आपले जिन, उभे राहिले; आणि जेथे जिन आला तेथे आज ना उद्या लेथ येणे अपरिहार्यच होते.

या जिनांतील रेचा मूळचा अमेरिकेतला. फोन्स मॅकार्थी याने १८४० साली त्याचे पेटंट घेतले. चामड्याचा रूळ कापसाचे तंतू स्थिर पात्याखाली ओढून नेतो आणि हलते पाते सरकीला झटके देऊन तिला वेगळी करते. रचना साधी खरी. परंतु धूळ आणि अखंड हालचाल यांमुळे बुश झिजतात, पिना तुटतात, रुळाचे टोक ढिले होते. ऐन हंगामात रेचा थांबला की फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते, बैल जू टाकून उभे राहतात आणि शेतकऱ्याचा कापूस उघड्यावर दवात भिजतो. तेव्हा दोन बोटे जाडीचा पितळी बुश नागपूरहून येईपर्यंत थांबणे कोणालाच परवडणारे नसते.

आता लेथ आहे, टर्नर आहे, पितळही आहे; मग अडते कोठे? अडते ते पकडीत. अशा मोठ्या लेथबरोबर येणारा चार जबड्यांचा चक हा बोजड कामासाठी असतो. त्याचा प्रत्येक जबडा वेगळा सरकतो, त्यामुळे वेडेवाकडे ओतकाम त्यात उत्तम धरता येते. परंतु बोटाएवढी पिन त्याच्या जबड्यांत धड पोचत नाही, आणि पोचली तरी प्रत्येक वेळी मध्य साधण्यात वेळ जातो. त्यासाठी चार-पाच इंची, तीन जबड्यांचा चक हवा. कनेक्टिकटमधील सायमन फेअरमन याने १८३० साली ज्या चकाचे पेटंट घेतले, त्याच वंशातला हा. आत गोगलगायीच्या शंखासारखी वळत गेलेली खाच असते. किल्ली फिरवली की तिन्ही जबडे एकदम आणि सारखे मध्याकडे सरकतात.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या भाषेत ‘कातणे’ हे क्रियापद सुतालाही चालते आणि लाकडालाही. लाकूड कातणारा तो कातारी. दोरीच्या मागेपुढे ओढण्याने फिरणारा त्याचा चरक युरोपातील लेथचा सख्खा भाऊच होय. कापूस आणि कातकाम यांचे नाते जिनाच्या आवारात नव्याने जुळले, एवढेच.

असो. चक आणला, तरी तो लेथच्या नाकावर बसवावयाचा कसा? स्पिंडलच्या पुढच्या टोकाला नाक म्हणतात आणि जुन्या लेथांच्या नाकावर आटे असतात. आट्यांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. हेन्री मॉड्स्ले याने १८०० च्या सुमारास लंडनमध्ये आटे पाडणारा अचूक लेथ सिद्ध केला. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडमधील निरनिराळ्या कारखान्यांतील स्क्रू गोळा करून त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली ५५ अंशांच्या कोनाचा एकच आटा सर्वांनी वापरावा असे सुचविले. १८६४ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने अमेरिकेसाठी ६० अंशांचा कोन पुढे केला. त्यामुळे बोल्ट आणि नट यांचा गोंधळ आपापल्या देशापुरता तरी मिटला. पण ज्या यंत्रावर हे आटे पाडावयाचे, त्या यंत्राच्या नाकाचा गोंधळ कायम राहिला! प्रत्येक कारखानदाराने नाकाचा व्यास आणि आटे आपल्या मर्जीने ठरविले. इंग्लंडच्या मायफर्ड कंपनीच्या लहान लेथचे नाक एक इंच एक सूत आणि इंचाला १२ आटे. अमेरिकेच्या साउथ बेंड कंपनीच्या ९ इंची लेथचे नाक दीड इंच आणि इंचाला ८ आटे. एकाची तबकडी दुसऱ्याला कशी लागणार?

म्हणून ती कातावी लागते, आणि कातताना एक पेच पडतो. तबकडीत आटे पाडण्यासाठी ती मोठ्या चकात धरावी लागते, आणि तो चक तर नाकावरच बसलेला! मग आटे बरोबर पडले की नाही, हे नाकावर चढवून पाहणार कसे? जाणता टर्नर प्रथम मोठा चक उतरवून नाकाची मापे घेतो आणि दोन सेंटरांमध्ये लोखंडाचा तुकडा धरून त्याच मापाचे नकली नाक कातून ठेवतो. मग तबकडी मोठ्या चकात धरून तिचे भोक मोठे करावयाचे, आटे पाडावयाचे आणि नकली नाक त्यात फिरवून पाहावयाचे. ते ना अडता कामा नये, ना डुगडुगता.

पुष्कळांची समजूत अशी असते की आटेच चकाला मध्यावर धरतात. ते खरे नव्हे. आट्यांचे काम ओढून धरण्याचे. मध्य साधतो तो आट्यांच्या मागचा नाकाचा गुळगुळीत भाग, आणि तबकडी सरळ उभी राहते ती त्याच्या मागच्या खांद्याला टेकल्यामुळे. म्हणून तबकडीचे भोक, आटे आणि खांद्याला टेकणारी बाजू ही तिन्ही एकाच पकडीत उरकली पाहिजेत. खांद्यावर लोखंडाचा किसभर कण राहिला तरी चक तिरका बसतो.

यानंतरची पायरी मला सर्वांत सुंदर वाटते. मोठा चक उतरवून तबकडी थेट नाकावर चढवावयाची आणि तिचे तोंड व लहान चकाच्या पाठीतील खळग्यात बसणारी पायरी तेथेच कातावयाची. लेथच्या फिरण्यात जो काही बारीक दोष असेल, त्याच्याशी जुळवूनच ती पायरी तयार होते. म्हणून ती त्या लेथपुरती निर्दोष ठरते. दुसऱ्या लेथवर नेली की तिचा खरेपणा संपला.

यात धोकाही आहे. आट्यांवर बसलेला चक लेथ उलट फिरवला किंवा फिरता लेथ एकाएकी थांबवला, तर सुटू शकतो. सुटला तर टर्नरच्या हातापायावर येतो. चक चढविताना पट्टा काढून हातानेच फिरवावा आणि खाली लाकडाची फळी ठेवावी, हा शिरस्ता बोटे गमावून शिकलेल्यांनी घालून दिलेला आहे.

आपल्याकडे लेथ तयार होण्याची कथा किर्लोस्करांच्या नावाशी निगडित आहे. मुंबईला यांत्रिक आरेखन शिकविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर कारखाना हलविला. नांगर आणि चरक यांवर नाव कमावल्यावर त्यांच्या घराण्याने १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर काढून लेथ बनविण्यास आरंभ केला. युद्धामुळे विलायती यंत्रे दुर्मिळ झालेली होती. पुढे १९५३ साली बंगळूरला सरकारी हिंदुस्थान मशीन टूल्स उभी राहिली. हरिहरचा तो कारखाना पुढे बंद पडला, पण तिथले लेथ अजून अनेक ठिकाणी फिरत आहेत.

नाकाचा गोंधळही विसाव्या शतकात पुष्कळसा निवळला. आट्यांऐवजी आखूड निमुळते नाक आणि खुंट्यांनी आवळणारी बैठक अमेरिकेत प्रमाणित झाली. तिच्यावरचा चक उलट फिरवूनही सुटत नाही. परंतु लहान कारखान्यांत जुने लेथ सहजासहजी मोडीत निघत नाहीत. असा लेथ विकावयास निघाला की घेणाऱ्याने त्याच्या बॅकप्लेटा आणि ते नकली नाक आधी मागून घ्यावे. चक कोठेही मिळेल.