भूवैज्ञानिक, अणुऊर्जा नियमनातील
अणुप्रकल्पाच्या जागेला भूकंप, पूर, त्सुनामी यांपासून किती धोका आहे आणि गळती झाल्यास भूजलातून किरणोत्सारी द्रव्ये कुठवर पसरतील, हे तपासणारा शास्त्रज्ञ. भारतात अणुऊर्जेचे नियमन 1983 मध्ये स्थापन झालेले, मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळ करते. जागेपासून 5 किमीच्या आत सक्रिय होऊ शकणारा विभंग (भूकवचातील भेग) आढळल्यास ती जागा नाकारली जाते.

महाराष्ट्रात ही तपासणी विशेष कठीण आहे, कारण बहुतेक पठारावर बेसाल्टच्या थरांनी जुने विभंग झाकले आहेत. हे पठार स्थिर मानले जाई. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना आणि 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपांनी ती समजूत मोडली. म्हणूनच रत्नागिरी जिल्ह्यातील नियोजित जैतापूर अणुप्रकल्पाचा विचार कोयनेच्या भूकंपाला वगळून करताच येत नाही.