हुबळीच्या गंगूबाई

लग्न होऊन मी हुबळीत आले, तेव्हा आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकत. भांडी आवरली की सासूबाई धारवाड आकाशवाणी लावायच्या. एका संध्याकाळी मी विचारलं, ‘हे बुवा कोण हो?’ सासूबाई हसल्या. ‘बुवा नव्हेत गं. आपल्या देशपांडेनगरातल्या गंगूबाई हनगल!’

तो आवाज जन्मापासून तसा नव्हता. 1913 साली धारवाडात जन्मलेल्या या मुलीचा गळा आधी चांगला बारीक होता. ‘गांधारी हुबळीकर’ या नावाने निघालेल्या सुरुवातीच्या तबकड्यांवर तो ऐकू येतो. पुढे घशावर उपचार झाले आणि आवाज कायमचा भरदार, खर्जातला झाला. बाईचा गळा कसा असावा हे लोकांनी आधीच ठरवलेलं असतं. दुसरी एखादी तंबोरा गवसणीत घालून बसली असती. यांनी तोच आवाज घेतला, त्याला बायकी गोडवा आणायच्या भानगडीत पडल्या नाहीत.

त्यांच्या आई अंबाबाई कर्नाटक संगीत गायच्या. मुलीचा ओढा हिंदुस्तानीकडे दिसल्यावर तिच्या कानावर दुसरा संस्कार नको म्हणून त्यांनी आपलं गाणं बाजूला ठेवलं. मुलांसाठी आपण सगळ्याच काही ना काही सोडतो. पण गाणारीने गाणं सोडायचं म्हणजे काय, याचा विचार करून पाहा.

धारवाडच्या शुक्रवारपेठेत हे कुटुंब राहायचं. लहानपणी गंगूबाईंनी शेजारच्या बागेतले आंबे काढले, तर मालकाला चोरीपेक्षा गाणाऱ्या बाईच्या मुलीने बागेत पाय ठेवला याचाच जास्त संताप आला. पुढे तशाच घरांतून त्यांना मानाने जेवायला बोलावणी येऊ लागली. हे त्या स्वतःच सांगत.

सवाई गंधर्वांचं गाव कुंदगोळ, हुबळीहून वीसेक किलोमीटरवर. गंगूबाई रेल्वेने तिथे शिकायला जात. सोळाव्या वर्षी गुरुराव कौलगी या वकिलांशी संसार सुरू झालेला, पदरात मुलं, आणि घरखर्च बराचसा गाण्यावरच. शिकवणी संपायला उशीर व्हायचा. मग गुरूंकडेच राहून शिकणारा पोरगेला भीमसेन जोशी त्यांना स्टेशनापर्यंत सोडायला यायचा. भीमसेनजी त्यांना शेवटपर्यंत ‘अक्का’च म्हणत. आजही कुंदगोळ स्टेशन आलं की मी खिडकीतून फलाटाकडे बघते.

गुरूंची शिकवण अशी, की कंजूष माणूस जसा पैसा खर्च करतो तसा सूर वापरावा. ऐकणाऱ्याला त्यातला बारकावा न् बारकावा कळला पाहिजे. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको! माझ्या आठ-दहा पोळ्या लाटून होतात, तरी त्यांचा शुद्ध कल्याण खालच्या षड्जाभोवतीच असतो. पूर्वी मला कंटाळा यायचा, हे कबूल करते. आता पुढचा सूर कधी येतोय याकडे कान लागतात आणि कधी कधी तव्यावरची पोळी करपते.

1971 साली पद्मभूषण मिळालं, 2002 मध्ये पद्मविभूषण. पण त्यांचं एक बोलणं मला या सगळ्यापेक्षा जास्त लक्षात राहिलंय. पुरुष गवई मुसलमान असेल तर उस्ताद होतो, हिंदू असेल तर पंडित; केसरबाई, मोगूबाई मात्र बाईच राहतात, असं त्या म्हणत. खरं म्हणजे मला ‘बाई’ हा शब्द हलका वाटत नाही. शाळेत आम्ही शिक्षिकांना बाईच म्हणायचो. तरीही एवढ्या वर्षांत आमच्या घरात ‘पंडित भीमसेन’ म्हटलं गेलं आणि ‘पंडिता गंगूबाई’ कुणाच्या तोंडून आलं नाही. माझ्याही नाही.

त्यांची मुलगी कृष्णा वर्षानुवर्षं मागे बसून आईला साथ करायची. आईला लांबलचक दम पुरेनासा झाला, की तीच तो सूर पुढे न्यायची. 2004 मध्ये कृष्णा गेल्या. त्यानंतर 2006 साली, नव्वदी ओलांडलेल्या गंगूबाई शेवटच्या मैफिलीला बसल्या, तेव्हा मागे कृष्णा नव्हत्या.