वखारीतलो सायब

आमच्या लहानपणी वेंगुर्ल्याच्या डच वखारीचं नाव निघालं की आजी तांदूळ धुता धुता थांबायची. "झिला, तिन्हीसांजेक थयसर जाव नको. गोरो सायब फिरता थय." सायबाच्या बुटांचा आवाज यायचा म्हणे, पण पाय जमिनीला लागत नसत. कोणी पाहिलं असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: वाडीतल्याच एकाने, पण तो आता नाही.

आमच्याकडे भुतांची वाण नाही. मुंजा पिंपळावर, गिरो पाण्यात, देवचार वेशीवर. पण ही सगळी घरची मंडळी. नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं की ऐकतात; देवचार तर चुकलेल्याला वाटेवर आणून सोडतो. वखारीतल्या सायबाला गाऱ्हाणं घालायचं कुठल्या भाषेत? म्हणूनच त्याची भीती जास्त असावी.

सायब आला कुठून, तर थेट हॉलंडहून. १६३७ साली डच ईस्ट इंडिया कंपनीचा वकील योहान व्हान ट्विस्ट विजापूरच्या दरबारी गेला आणि आदिलशहाकडून वेंगुर्ल्यात व्यापाराची परवानगी घेऊन आला. डचांचा डोळा मिऱ्यांवर होता, तसाच शेजारच्या गोव्यावरही. पोर्तुगिजांची कोंडी करायला त्यांची गलबतं महिनोन् महिने गोव्यासमोर उभी असत. त्यांना दाणापाणी पुरवायचं ते वेंगुर्ल्याने. आपल्या गावातला तांदूळ दोन फिरंग्यांच्या भांडणात कामी येत होता, हे आजीला कुणी सांगितलं नाही. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये १६४८ च्या सुमारास इथे येऊन गेला. परदेशी लोकांच्या तोंडी वेंगुर्ल्याचं 'मिंग्रेला' झालं होतं.

मग जाळपोळ सुरू झाली. रत्नागिरीच्या जुन्या गॅझेटियरात एकामागून एक नोंदी आहेत: १६६४ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने बंडामुळे गाव जाळलं, १६७५ मध्ये मोगलांनी. त्या वेळी डच लढले आणि वाचले. १६९६ मध्ये सावंतवाडीचे खेम सावंत वखारीच्या मुख्याला भेटायचं निमित्त करून आत शिरले आणि वखार लुटली. मला भुताच्या गोष्टीपेक्षा ही भेट जास्त भयंकर वाटते. पाहुणा म्हणून दार उघडलं, नि तोच लुटारू निघाला.

डच गेले. १७७२ मध्ये इंग्रजांनी वेंगुर्ल्यात आपली वखार घातली आणि १८१२ मध्ये गावच त्यांच्याकडे गेलं.

कोकणात ज्या घरात दिवा लागत नाही ते घर कुणीतरी व्यापलेलंच असतं, असं मानतात. चाकरमानी मुंबईला गेला, म्हातारी वारली, की पाच-सहा पावसांत त्या घराची गोष्ट तयार होते. पण तिथे निदान गणपतीला कोणीतरी येतं, कुलूप काढतं, केर काढतं. वखारीचे वारस सात समुद्रांपलीकडचे. गणपतीलासुद्धा कोण येणार?

कागदोपत्री ती राज्य संरक्षित स्मारक आहे. जांभा दगड चुन्याच्या गिलाव्याखाली टिकतो, पण छप्पर गेलं की वरून पाणी भिंतीत मुरतं. फटीत पाखरांनी आणलेलं पिंपळाचं बी रुजतं. मूळ जाड होतं, दगड सरकतो. मुळं नुसती वरून तोडून भागत नाही, पुढच्या मिरगाला ती परत फुटतात. आमच्याकडे पिंपळ तोडायला गडी सहसा तयार होत नाहीत, आणि हा तर वखारीतला पिंपळ.