विद्यार्थ्याचें ताट

महाविद्यालयांचा इतिहास लिहितांना इमारतींच्या पायाभरणीचीं सालें, प्राचार्यांचीं नांवें आणि पदवीधरांच्या याद्या दिल्या जातात. ह्या गोष्टी महत्त्वाच्या खऱ्या. परंतु ज्या मुलासाठीं हा सर्व खटाटोप, त्याच्यापुढें सकाळीं उठल्याबरोबर उभे राहणारे प्रश्न निराळेच असतात. आज जेवावयाचें कोठें, रात्रीं पथारी टाकावयाची कोठें, आणि वाचावयाचें तें कोणाच्या दिव्याखालीं? ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें महाराष्ट्रानें गेल्या दीडशें-पावणेदोनशें वर्षांत कसकशीं दिलीं, हें पाहूं गेल्यास उच्च शिक्षण कोणापर्यंत पोंचलें आणि कोणाच्या दाराशीं येऊनहि आंत शिरलें नाहीं, ह्याचा उलगडा होतो.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली. त्याच सुमारास मुंबईहून निघालेला लोहमार्ग ईशान्येकडे सरकत होता. १८५३ सालीं तो ठाण्यास पोंचला, १८५४ सालीं कल्याणास, आणि १८६५ सालीं थळघाट चढून इगतपुरीस. वाटेंत शहापूर तालुका लागतो. वासिंद, आसनगांव, आटगांव, खर्डी, कसारा हीं स्टेशनें त्याच तालुक्यांतलीं. पुढें १८९२ सालीं ह्याच तालुक्यांतील तानसा तलावाचें पाणी नळावाटें मुंबईस जाऊं लागलें. अशा रीतीनें शेणवा, किन्हवली, डोळखांब हीं गांवें ज्या तालुक्यांत आहेत, त्यांतून विद्यापीठाच्या शहरास आगगाडी जात होती आणि पाणीहि जात होतें. परंतु शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी आणि कुणबी घरांतील मुलांना ती गाडी पुढें कित्येक वर्षें केवळ दुरून ऐकूं येणारी शिट्टीच राहिली. अंतर फार नव्हतें, बुद्धीचीहि वाण नव्हती. पण वर सांगितलेल्या तीन प्रश्नांना त्या मुलांपाशीं उत्तर नव्हतें. शहरांत ज्याचें कोणी नाहीं, त्यानें तेथें राहावें कसें?

ज्यांना उत्तर सांपडलें, त्यांनीं तें जुन्याच रीतींत शोधलें. ही रीत इंग्रजी विद्येच्या आधींची. पेशव्यांच्या दक्षिणेच्या निधींतून १८२१ सालीं पुण्यास विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली आणि तिचेंच रूपांतर होत होत पुढें डेक्कन कॉलेज झालें. विद्या बदलली, तरी विद्यार्थ्याच्या पोटाची व्यवस्था पूर्वीचीच राहिली. वेदशाळेंतील मुलगा झोळी घेऊन माधुकरी मागे; इंग्रजी शिकणारा मुलगा वार लावी. वार लावणें म्हणजे आठवड्याच्या सात दिवसांसाठीं सात घरें धरणें. सोमवारीं एका वकिलाकडे, मंगळवारीं एखाद्या दूरच्या आप्ताकडे, बुधवारीं शेजारच्या वाड्यांतील विधवा आजीबाईंकडे, असा त्याचा क्रम. सातहि वार भरले तर तो मुलगा भाग्यवान समजावयाचा. एखादा वार रिकामा राहिला, किंवा त्या घरीं सोयर-सुतक आलें, तर त्या दिवशीं चुरमुरे आणि पाणी. जेवणाच्या मोबदल्यांत कोणी कांहीं मागे असें नाहीं. परंतु मंडईंतून भाजी आणणें, धाकट्या मुलास पाढे शिकविणें, पाण्याचे हंडे भरणें हें तो मुलगा न सांगतां करी. राहण्यास देवळाची ओसरी किंवा वाड्यांतील अंधारी खोली, वाचण्यास बहुधा रस्त्यावरील कंदील, आणि पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसल्यानें उसनें आणून हातानें उतरून घेतलेलें.

ह्या रीतीची थोरवी मान्य केलीच पाहिजे. कोणताहि कायदा नसतां, वर्गणी नसतां, केवळ गृहिणींच्या हातून असंख्य मुलांचें शिक्षण पार पडलें. पण तिचे दोन दोषहि तितकेच खरे. रोज दुसऱ्याच्या उंबरठ्यावर उभें राहतांना मानी मुलाच्या मनास होणारे घाव कोणीं मोजले नाहींत. आणि त्याहून मोठा दोष असा, कीं ज्याच्या पंक्तीस बसणें यजमानास चालत नसे, त्याच्यासाठीं हा उंबरठाच नव्हता. पंक्तीच्या मर्यादा ह्याच त्या काळीं विद्येच्या मर्यादा होत्या.

ज्यांनीं स्वतः हाल सोसून ही वाट काढली त्यांत गोपाळ गणेश आगरकर ह्यांचें नांव आधीं येतें. १८५६ सालीं कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवीं जन्मलेला हा मुलगा कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करीत मॅट्रिक झाला आणि डेक्कन कॉलेजांत दाखल झाला. अंगांत सदरा एकच; तो रात्रीं धुवावा, वाळत घालावा आणि सकाळीं तोच चढवून वर्गांत जावें. वर्तमानपत्रांतील लेख, बक्षिसें, शिष्यवृत्ति ह्यांच्या बळावर फीची तोंडमिळवणी करावी. १८७८ सालीं ते बी. ए. झाले आणि १८८० सालीं एम. ए. ह्याच सुमारास त्यांनीं आपल्या आईस पत्र लिहून कळविलें, कीं मुलाला मोठ्या पगाराची जागा मिळेल अशी आशा तिनें धरूं नये. पोटापुरतें मिळवून उरलेलें आयुष्य लोकांच्या कामीं घालवावयाचें त्यानें ठरविलें आहे. ज्याच्यापाशीं दुसरा सदरा नाहीं त्यानें असें लिहावें, ह्यांत त्या पत्राचें मोल आहे. पुढें टिळक, आगरकर आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज काढलें आणि १८९२ सालीं आगरकर त्याचे प्राचार्य झाले.

दुसरें उदाहरण धोंडो केशव कर्वे ह्यांचें. कोंकणांतील मुरुड गांवच्या ह्या मुलानें १८७५ सालीं परीक्षेसाठीं साताऱ्याची वाट धरली. सुमारें एकशें दहा मैलांचा हा प्रवास त्यानें घाट ओलांडून पायीं केला. तेथें पोंचल्यावर परीक्षकांनीं, हा मुलगा वयानें लहान दिसतो, एवढ्याच कारणावरून त्याला परत पाठविलें. दुसरा कोणी असता तर शेतीला किंवा भिक्षुकीला लागता. कर्वे मॅट्रिक झाले ते तेविसाव्या वर्षीं, १८८१ सालीं. आणि १८८४ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. ह्या वर्षांतील त्यांचा आधार म्हणजे शिकवण्या. दिवसाचा एक भाग स्वतः शिकावयाचें आणि दुसरा भाग दुसऱ्याच्या मुलांस शिकवावयाचें. वाराचें ताट उपकाराचें होतें. शिकवणीचा रुपया कष्टाचा होता. हा बदल लहान दिसला तरी त्यांत पुढच्या काळाचें बीज आहे. ह्याच कर्व्यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० सालीं तो हिंगण्याच्या माळावरील झोंपडींत नेला, आणि १९१६ सालीं महिलांचें विद्यापीठ स्थापिलें. मुलींच्या शिक्षणाची त्यापूर्वीची वाट किती कांटेरी होती हें डेक्कन कॉलेजांतच दिसून आलें होतें. १८८० नंतरच्या त्या दशकांत कॉर्नेलिया सोराबजी तेथें शिकत असतां वर्गाचें दार त्यांच्या तोंडावर लावून घेणारे विद्यार्थीहि होते.

ज्यांना पंक्तीलाच बंदी, त्यांची कथा आणखी निराळी. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकत होते तेव्हां सारें कुटुंब परळच्या चाळींत एका खोलींत राहत असे. त्या गर्दींत अभ्यास व्हावा म्हणून वडील रामजी मुलाला मध्यरात्रीनंतर दोन वाजतां उठवीत आणि तोंवर आपण जागे राहत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति होती म्हणून कॉलेज चाललें. परंतु कॉलेजांतील उपाहारगृहवाला त्यांना चहाच काय, पाणीहि देत नसे. १९१२ सालीं ते बी. ए. झाले. विद्यापीठाचें दार उघडें, पण पाण्याचा पेला बंद, अशी ती अवस्था होती. आपल्या लोकांच्या मुलांना वार कोणी देणार नाहीं हें ओळखूनच त्यांनीं बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनें १९२५ सालीं सोलापुरास वसतिगृह उघडलें आणि १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ कॉलेज स्थापिलें. त्याचे वर्ग सकाळीं भरत, म्हणून नोकरी करणाऱ्यांसहि शिकतां आलें.

वसतिगृहाची ही कल्पना महाराष्ट्रांत रुजविली ती कोल्हापुरानें. राजाराम कॉलेज १८८० पासून होतें. परंतु खेड्यांतील मुलगा तेथें टिकत नव्हता, कारण त्याला राहण्यास जागा नव्हती. शाहू महाराजांनीं १९०१ सालीं मराठा बोर्डिंगास आरंभ करून दिला आणि मग जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठीं वसतिगृहें उभीं राहिलीं. कॉलेज आधीं कीं ताट आधीं, ह्या प्रश्नाला महाराजांनीं ताट आधीं असें उत्तर दिलें. त्याच कोल्हापुरास जैन बोर्डिंगांत राहिलेले भाऊराव पाटील ह्यांनीं एक पाऊल पुढें टाकलें. १९१९ सालीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह उघडलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, पाळीपाळीनें स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवीत. कोठी रिकामी पडली तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनीं अंगावरचे दागिने, शेवटीं मंगळसूत्रसुद्धां, मुलांच्या धान्यासाठीं दिलें. १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें तें 'कमवा व शिका' ह्या तत्त्वावर. मुलांनीं शेतांत, बांधकामावर ठराविक तास राबावें आणि त्या श्रमांवर शिकावें. एका पंक्तीमुळें जात गेली आणि श्रमामुळें लाचारी गेली. वाराच्या रीतींतील दोन्ही दोषांवर येथें एकदमच उपाय झाला.

स्वातंत्र्यानंतर हें ओझें राज्यानें हळूहळू आपल्या खांद्यावर घेतलें. १९५९ सालीं आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या कुटुंबांतील मुलांना फी माफ करण्याची योजना यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असतां सुरू झाली. आदिवासींसाठीं आश्रमशाळा आणि सरकारी वसतिगृहें निघालीं. शहापुरास आदिवासी विकास प्रकल्पाचें कार्यालय आहे. वसतिगृहांत ज्यांना जागा मिळत नाहीं, अशा आदिवासी विद्यार्थ्यांच्या भोजन-निवासाचे पैसे त्यांच्याच बँक-खात्यांत जमा करण्याची 'स्वयम्' योजना २०१६ सालीं आली. जें ताट एके काळीं गृहिणीच्या दयेवर अवलंबून होतें, तें आतां हक्काचें झालें.

एवढ्यानें सर्व झालें असें मात्र नव्हे. शेणव्याच्या बाजूचा आजचा विद्यार्थी पहाटे उठतो, एस. टी. किंवा जीप गांठून शहापुरास येतो, आणि पुढें शिकावयाचें असल्यास आसनगांवाहून कल्याणची लोकल धरतो. मुरबाडच्या मुलाला तर लोकलहि नाहीं. त्याची सारी मदार रस्त्यावर. कॉलेजचें वर्ष जूनमध्यें सुरू होतें, आणि त्याच सुमारास भाताची आवणी येते; घरांत हातांची गरज असतां पोरानें चिखल सोडून वर्गांत बसावें कसें? दिवाळीनंतर कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात तीं पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांचें वर्ष तर पंचांगाशींच भांडत असतें. एका दिवसाचा एस. टी. चा संप किंवा वसतिगृहाचा थकलेला हप्ता ह्यांनींहि एखाद्याचें शिक्षण अडूं शकतें. जुन्या काळच्या रिकाम्या वारासारखेच हे आजचे रिकामे वार होत.

शहरांतील सुशिक्षित घरांनीं ही गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. आज ज्या घरांत दोन-तीन पदव्या आहेत, त्यांतील कित्येकांच्या पणजोबांनीं दुसऱ्याच्या घरीं वार लावून आपली पहिली पदवी मिळविली. ज्यांनीं जेवूं घातलें त्यांचें ऋण त्यांनाच फेडण्याची सोय आतां उरलेली नाहीं; तें फेडावयाचें तर पुढच्यांचें फेडावयाचें. तानशाचें पाणी एका शतकाहून अधिक काळ शहापुराहून शहराकडे वाहत आहे. शहराकडून उलट दिशेनें एक खोली, एक शिष्यवृत्ति, चार पुस्तकें, एखाद्या वसतिगृहाच्या कोठीस धान्य, एवढें जरी गेलें, तरी शेणव्याच्या मुलाचा एकहि वार रिकामा जाणार नाहीं.