संशोधन आणि आपला समाज : शाळा, साचाखाते व आरोग्य यांचा इतिहास



आपल्या वस्तीतली एखादी मुलगी एम.ए. होऊन पुढे पीएच.डी.ला नाव घालते, तेव्हा शेजारीपाजारी विचारतात, "अजून किती शिकणार? संशोधनानं पोट भरतं का?" हा प्रश्न गरिबीतून येतो. म्हणून त्याला हसून चालणार नाही, उत्तर द्यायला हवं. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही तो प्रयत्न करीत आहोत. आम्ही विद्वान नाही. गिरणीत पाळी करून वाचनालयात बसून जे वाचलं, तेवढीच आमची शिदोरी. पण जे वाचलं त्यातलं बरंचसं आपल्याच जिल्ह्यात घडलेलं आहे. आज ज्याला आपण रायगड म्हणतो, तो १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता आणि अलिबाग हे त्याचं मुख्य ठिकाण.

अलिबागची वेधशाळा

अलिबागला समुद्राकडे जाताना चुंबकीय वेधशाळा लागते. रोज तिच्यावरून जाणाऱ्या किती जणांना ती इथे का आली हे ठाऊक आहे? मुंबईत कुलाब्याला १८२६ ची जुनी वेधशाळा होती. पृथ्वीच्या चुंबकशक्तीत होणारे बारीक बदल तिथे मोजले जात. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्रामगाड्या आणायचं ठरलं. विजेच्या प्रवाहानं चुंबकाची सुई हलणार, म्हणजे सगळ्या नोंदी खोट्या पडणार. तेव्हा वेधशाळेचे संचालक डॉ. मूस यांनी मुंबईपासून दूर, पण फार दूर नाही, अशी जागा शोधली. ती अलिबागची. १९०४ मध्ये इथे काम सुरू झालं. इमारतीत लोखंड चालत नव्हतं, म्हणून पोरबंदरचा दगड आणि तांबं-पितळ वापरलं. नवी जागा मिळाली म्हणून जुनी लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, ताडून पाहिल्या, मग कुलाब्याचं चुंबकीय काम थांबवलं. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये.

ही हकीकत आम्ही मुद्दाम सांगतो. संशोधन म्हणजे काही जादू नव्हे. रोज नोंद करायची, ती ताडून पाहायची, आणि कुणी कितीही मोठा माणूस सांगत असला तरी पुरावा पाहिल्याशिवाय मान डोलवायची नाही. भगवान बुद्धांनी कालामांना हेच सांगितलं होतं.

१९२७ चा मार्च महिना

आता शिक्षणाकडे येऊ. महाडचा सत्याग्रह आपल्या पोराटोरांना पाठ आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले. पण त्याच्या आठवडाभर आधी, १२ मार्चला, ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात काय बोलले हे फार थोड्यांना माहीत असतं. शिक्षणाच्या खर्चावर चर्चा होती. बाबासाहेबांनी सरकारच्याच अहवालातले आकडे सरकारपुढे ठेवले. प्राथमिक शाळेत पुढारलेल्या हिंदूंची दर हजार लोकसंख्येमागे ११९ मुलं, मुसलमानांची ९२, मधल्या जातींची ३८ आणि मागास वर्गाची, ज्यात आपण होतो, फक्त १८. कॉलेजात दर दोन लाखांमागे पुढारलेले एक हजार, मुसलमान ५२, मधले १४ आणि मागास वर्गाच्या नावापुढे जवळजवळ शून्य! शिवाय शाळेत घातलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, हेही त्यांनी दाखवलं. दारूच्या करातून लोकांकडून जेवढा पैसा घेता, तेवढा तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती.

बघा, आकडे सरकारचेच होते. सरकारी कपाटात ते पडूनच होते. पण ते जातवार मांडून त्यांचा अर्थ लावणारा माणूस कौन्सिलात बसला, तेव्हा त्या आकड्यांना तोंड फुटलं. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बाबासाहेबांनी जे शिकून घेतलं, त्याचा असा उपयोग झाला. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा हाच माणूस १९२७ ला महाडच्या तळ्यावर उतरला. ही दोन माणसं नव्हती.

महाडचं पुढे काय झालं, तेही लक्षात ठेवा. तळं बाटलं म्हणून १०८ घागरी पाणी उपसून, शेण-गोमूत्र घालून ते 'शुद्ध' करण्यात आलं. म्हणजे माणसाच्या ओंजळीनं पाणी बाटतं, पण शेणानं बाटत नाही! आरोग्याच्या शास्त्राची एवढी थट्टा दुसरीकडे क्वचितच झाली असेल. मग खटला चालला. अस्पृश्यांना पाणी न देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, असा सनातन्यांचा दावा होता. बाबासाहेबांच्या बाजूनं या वहिवाटीचा पुरावा मागितला. तो त्यांना देता आला नाही. १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. दहा वर्षं लागली, पण 'पूर्वीपासून चालत आलंय' या एका वाक्याची किंमत कोर्टात शून्य ठरली.

साचाखात्याचं दार

तिसरी गोष्ट आमच्या अंगाला भिडणारी. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आलेल्या आपल्या माणसांना काम मिळे, पण कुठलं? त्रासनखात्यात, झाडूकामात, कमी पगाराच्या जागी. साचाखात्यात, जिथे कापड विणलं जाई आणि पगार जास्त असे, तिथे अस्पृश्याला मज्जाव होता. कारण काय? तर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी भरताना सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. तोच धोटा दुसरा कामगारही तोंडाला लावी. अस्पृश्याचा उष्टा धोटा कसा चालेल, असं सवर्ण साचेवाल्यांचं म्हणणं. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. मालकाविरुद्ध एकजूट मागता, मग आमच्या माणसाला साच्यावर का येऊ देत नाही?

आता याच धोट्याची दुसरी बाजू पाहा. एकाच्या तोंडातला धोटा दुसऱ्यानं तोंडात धरणं हे सगळ्यांच्याच जिवावरचं होतं. क्षयासारखा रोग त्यातून पसरेल, ही भीती विलायतेतही होती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ मध्येच तोंडानं सूत ओढायच्या धोट्याला कायद्यानं बंदी केली. हातानं सूत ओवायचे धोटे तयार होते. म्हणजे यंत्रात एक सुधारणा केली असती तर रोगाचं भय गेलं असतं आणि विटाळाचं निमित्तही उरलं नसतं. पण मालकाला धोटा बदलायचा नव्हता आणि जातीला दार उघडायचं नव्हतं. शिक्षण, हातातलं कसब आणि आरोग्य हे तीन वेगळे विषय आहेत असं विद्यापीठ म्हणत असेल. आपल्या आयुष्यात ते एकाच धोट्यात अडकले होते.

मजूरमंत्री बाबासाहेब

म्हणूनच सत्ता हाती आली तेव्हा बाबासाहेबांनी तिन्हींना एकदम हात घातला. १९२८ मध्येच त्यांनी कौन्सिलात बाळंतपणाच्या पगारी रजेच्या बिलाला पाठिंबा दिला होता. १९२९ ला तो कायदा झाला. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉयला निवेदन दिलं. त्यात आपल्या मुलांना विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी दरसाल दोन लाख आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख रुपये मागितले. नुसतं बी.ए. होऊन भागणार नाही, यंत्राची विद्या हवी, हा त्यातला मुद्दा. १९४४ पासून मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपल्या घराघरांत जी शिष्यवृत्ती येते, तिचं मूळ हे.

आरोग्याचं तसंच. १९४३ मध्ये प्राध्यापक अडारकर यांना कामगारांच्या आजारविम्याचा अभ्यास करायला नेमलं. १९४४ ला त्यांचा अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा, म्हणजे आपला ई.एस.आय., उभा राहिला. कामाचे तास आठवड्याला ५४ चे ४८ करण्याचं बिल १९४६ मध्ये बाबासाहेबांनीच आणलं. आधी अभ्यास, मग कायदा, असा त्यांचा क्रम होता.

कापसाची धूळ

तरीही एक दुखणं राहून गेलं. ब्लो-रूम आणि कार्डिंगमध्ये कापसाची बारीक धूळ उडते. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते, खोकला येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटतं. वर्षानुवर्षं असं झालं की छाती कायमची जाते. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. आपल्याकडे हा रोग फारसा नाहीच, असं पुष्कळ वर्षं समजलं जाई. मग मुंबईत आणि अहमदाबादेत संशोधकांनी कामगारांच्या फुप्फुसांची ताकद यंत्रानं मोजली. डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांची पाच वर्षं पाहणी करून १९८१ मध्ये निबंध छापला. राज्य विमा कायद्याच्या यादीत हा धंद्यातला रोग म्हणून नोंदला गेला होता आणि त्याची भरपाई मिळण्याची सोय होती.

पण आम्ही ज्यांच्या शेजारी उभं राहून काम केलं, त्यातले कितीतरी जण 'दमा' या नावाखाली गेले. कुठल्या खात्यात किती वर्षं काम केलं, खोकला कधी लागला, कोणी लिहून ठेवलं नव्हतं. कागद नाही म्हणून रोग नाही, आणि रोग नाही म्हणून भरपाई नाही. विधवेच्या हाती काही आलं नाही. १९८२ च्या संपानं आमच्या आधीची पिढी विस्कटली आणि २०२० च्या टाळेबंदीत मुंबईतल्या उरल्यासुरल्या गिरण्याही थांबल्या. आता ते विचारायलाही जागा राहिली नाही.

आपण काय करायचं?

आज आपल्या जिल्ह्यात लोणेरेला बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, त्याची स्थापना १९८९ ची. अलिबागला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. दारं उघडली आहेत. तेव्हा पीएच.डी. करणाऱ्या आपल्या मुलीला "पोट भरतं का" असं विचारू नका. "तू काय शोधतेस आणि त्यात आपली वस्ती कुठे आहे," असं विचारा. आणि शिकलेल्या मुलांनीही प्रबंध कपाटात ठेवून मोकळं होऊ नये; वर्षावासात एखाद्या रविवारी विहारात येऊन तो आई-बापाला समजेल अशा भाषेत सांगावा.

आमची एक सूचना आहे. विहारात एक जाड नोंदवही ठेवावी. तिच्यात तीन रकाने असावेत. कुठल्या मुलानं कितवीत शाळा सोडली आणि का? कोण कुठलं कसब शिकलं आणि त्याला त्यावर काम मिळालं का? कोण कुठल्या कामावर आहे आणि त्याला कुठलं दुखणं आहे? रासायनिक कारखान्यात, वीटभट्टीवर, बांधकामावर जाणारी आपली माणसं आहेत. त्यांच्या छातीची नोंद आज केली तर उद्या कागद मागणाऱ्यापुढे कागद ठेवता येईल. वही महिला मंडळानं सांभाळावी, कारण घरातलं दुखणं आधी त्यांना कळतं. खर्च एका वहीचा आणि दर पौर्णिमेला तासभराचा.

बाबासाहेबांनी १९२७ ला हजारामागे अठरा हा आकडा मांडला, तेव्हा तो सरकारच्या वहीतून घ्यावा लागला होता. आता आपली वही आपणच लिहू या.

जय भीम! नमो बुद्धाय!